‘धीर धरा’ म्हणणाऱ्यांस

पानिपत हा शब्द मराठी भाषेने सर्वनाशासाठी राखून ठेवला आहे. शासकीय सेवेनिमित्त ज्यांस या गावी राहावे लागते, त्या आम्हांस मात्र त्या शब्दात आणखी एक अर्थ दिसतो. १४ जानेवारी १७६१ रोजी पहाटेपासून लढणारी मराठ्यांची फौज कित्येक आठवड्यांच्या कोंडीने आणि उपासमारीने आधीच खंगलेली होती. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले, आणि रिकामी अंबारी पाहून सैन्यात एकाएकी घबराट पसरली, असे सांगतात. त्या लोकांस भ्याड म्हणण्याचे धाडस आजवर कोणा शहाण्या मराठी माणसाने केलेले नाही. शरीर रिकामे झाले, मन थकले, की एक रिकामी अंबारीसुद्धा शूरांच्या पायाखालची जमीन काढून घेते, हे आपण जाणतो. दरवर्षी त्या तिथीस काला आंब येथे जमून आपण त्यांस वंदन करतो. परंतु आपल्याच कचेरीतील, शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याच्या मनात तीच रिकामी अंबारी दिसू लागली, की आपले सारे औदार्य आटते आणि तोंडातून दोनच शब्द निघतात: ‘धीर धरा.’

या दोन शब्दांविरुद्ध आमची तक्रार आहे.

घबराटीचा झटका, ज्यास इंग्रजी नावाने पॅनिक अटॅक म्हणतात, तो काय असतो हे आधी स्पष्ट केले पाहिजे. बसल्या जागी छाती धडधडू लागते, श्वास पुरत नाही, हातापायांस मुंग्या येतात, घाम फुटतो, आणि आपण याच क्षणी मरणार किंवा वेडे होणार अशी खात्री पटते. काही मिनिटांत त्याचा कडेलोट होतो आणि बहुधा अर्ध्या-पाऊण तासात तो ओसरतो. डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात, तो निर्दोष निघतो. मग घरचे म्हणतात, ‘काही झालेले नाही.’ काही झालेले नाही हे खरे नव्हे. हृदयास काही झालेले नाही, एवढेच खरे. संकट नसताना संकटाची घंटा वाजवणारी शरीराची यंत्रणा बिघडली आहे, आणि पुढे त्या घंटेचेच भय बसते. मग मनुष्य बस टाळतो, बैठक टाळतो, शेवटी घराचा उंबरठाही टाळतो. आम्ही हा आजार स्वतः भोगला आहे, म्हणून हे ऐकीव म्हणून लिहीत नाही.

‘धीर धरा’ म्हणणारा पहिला वर्ग आपल्या कचेऱ्यांतला आहे. आम्हां बाहेरगावी नेमलेल्या मराठी नोकरवर्गाची एक विचित्र प्रतिष्ठा असते. कुटुंब पुण्यास वा नगरास, मुलांच्या शाळा अर्ध्यावर, आईवडिलांची दुखणी दूरध्वनीवरून ऐकायची, क्वार्टरमध्ये एकट्याने पोळ्या भाजायच्या, आणि तरीही उत्तरेकडच्या लोकांपुढे मराठी माणूस कणखर दिसला पाहिजे. या प्रतिष्ठेपायी कितीतरी जण आपला आजार पित्ताच्या नावावर खपवतात. वरिष्ठांस वाटते की रजेसाठी ही सबब आहे. अशा मंडळींस आमचे एवढेच विचारणे आहे: मधुमेह्यास आपण ‘साखर आवरा, मर्द आहात’ असे म्हणता काय? मानसिक आजाराच्या रुग्णास उपचारांच्या बाबतीत शारीरिक रुग्णाच्या बरोबरीने वागवावे, असे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सांगितले आहे. जो नोकरवर्ग इतर कायद्यांची कलमे तोंडपाठ म्हणून दाखवतो, त्याने हाही कायदा एकदा वाचावा.

दुसरा वर्ग आमच्या अधिक जवळचा आहे, म्हणून त्याच्याशी आमचे भांडण अधिक तीव्र आहे. आम्ही नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती घराण्यातले. आमच्या धर्मबंधूंपैकी काही जण ‘धीर धरा’ ऐवजी ‘विश्वास धरा’ म्हणतात, आणि पुढे पुस्ती जोडतात की गोळ्या घेणे हे अविश्वासाचे लक्षण आहे. एका प्रार्थनासभेत एका उपदेशकाने आम्हांस औषधाची पाकिटे तेथेच टाकून देण्याचा आग्रह केला होता. ती आम्ही टाकली नाहीत. त्या उपदेशकास व त्याच्यासारख्यांस आम्ही त्यांच्याच पवित्र शास्त्राकडे बोट दाखवतो. एलीया संदेष्टा भयाने रानात पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूताने त्यास प्रवचन दिले नाही. त्यास निजू दिले, उठवून भाकर व पाणी दिले, आणि पुन्हा निजू दिले. गेथशेमाने बागेत स्वतः प्रभू येशू व्याकूळ झाला, त्याच्या घामाचे थेंब रक्तासारखे भूमीवर पडले, असे लूक लिहितो. ज्याच्या नावाने तुम्ही भयभीतास दोषी ठरवता, तो स्वतः भयाच्या वाटेने गेला होता. चिंता करू नका असे फिलिप्पैकरांस बंदिवासातून कळवणारा पौल वैद्य लूकास प्रिय म्हणतो, आणि तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा साधा सल्ला देतो. प्रेषितास जे अविश्वासाचे वाटले नाही, ते तुम्हांस का वाटावे?

तिसरा वर्ग सुशिक्षित बुद्धिवाद्यांचा. त्यांच्या मते श्रद्धा ही कुबडी आहे आणि प्रार्थनेने बरे वाटणे हा भ्रम. कुबडीचा एवढा तिरस्कार पाय मोडलेला मनुष्य करीत नाही, हे एक. दुसरे असे की ज्या विज्ञानाची ते साक्ष काढतात, ते त्यांच्याइतके उतावीळ नाही. इटलीतील बर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि योगमार्गातील मंत्र या दोहोंच्या पठणाने श्वासाचा वेग मिनिटाला सहाच्या आसपास उतरतो आणि हृदय व रक्तदाबाचे ताल त्याच्याशी जुळतात, असे दिसून आले. प्रयोग अवघ्या 23 निरोगी माणसांवरचा होता, आजाऱ्यांवरचा नव्हे. त्यावरून रोग बरा होतो असे कोणी म्हणू नये, आम्हीही म्हणत नाही. परंतु दिवेलागणीस रामरक्षा म्हणून अंधाऱ्या माजघरात जाणारे पोर आणि प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणत झटका ओसरण्याची वाट पाहणारा कारकून, हे दोघेही मूर्ख नाहीत, इतके तरी त्यावरून समजावे.

अर्थात श्रद्धा म्हणजे केवळ श्वासाचा व्यायाम नव्हे. आम्हांस तिने जे दिले ते वेगळे आहे. झटका येऊच नये अशी हमी तिने दिली नाही. तो आला असता आपण टाकले गेलेलो नाही, हा भरवसा दिला. भयाचे भय कमी झाले, आणि या आजाराचे मूळ बरेचसे तेथेच असते. गोळीने घंटेचा आवाज खाली आणला, समुपदेशकाने घंटा खोटी आहे हे ओळखण्यास शिकवले, आणि प्रार्थनेने घंटा वाजत असताना बसून राहण्याचे बळ दिले. या तिघांत भांडण लावण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

मराठी माणसास याचे उदाहरण परक्या देशातून आणावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा लक्ष्मीबाईंची अवस्था भ्रमिष्टासारखी झाली. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण त्यांच्या विनोदावर लुब्ध होतो आणि त्या विनोदाखाली केवढी भीती गाडलेली आहे हे विसरतो. त्या दिवसांत त्यांस कोणी शांतिमंत्र घालून एका रात्रीत बरे केले नाही. ताटातुटीची वर्षे त्यांनी रडत, कविता जुळवीत, स्वतःच्या मनाशी वाद घालीत काढली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःची खात्री पटल्यावर. आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे गेलो असे म्हणणाऱ्या टिळकांनी आपली भजने अभंगाच्याच चालीवर रचली. जुने सारे जाळून टाकल्याखेरीज शांती मिळत नाही, असे त्यांनी मानले नाही.

येथेच एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. लक्ष्मीबाईंस पाच वर्षे लागली. आणि काही उत्साही मंडळी धापा टाकणाऱ्या माणसाच्या गळ्यात अर्ध्या तासात धर्म बांधू पाहतात. घाबरलेला मनुष्य त्या घटकेस कशासही होकार देतो. तो होकार श्रद्धेचा नव्हे, भयाचा असतो, आणि भयावर उभारलेली श्रद्धा पुढच्या झटक्यासरशी कोसळते. हा उद्योग कोणत्याही धर्माच्या नावाने चालो, तो अधर्मच. तसाच, एखाद्यास चर्चमध्ये शांती लाभली एवढ्यावरून ‘कोणी तरी गाठला याला’ असे कुजबुजणारेही त्याच पंक्तीत बसतात. दोघांसही त्या माणसाशी कर्तव्य नाही. दोघांस आपली शिरगणती प्यारी.

तर मग करावे काय? सहकाऱ्यास असा झटका आला, तर प्रथम त्यास डॉक्टरकडे न्यावे. छातीची तक्रार पहिल्यांदा उद्भवली असता ती मनाचीच आहे असे परस्पर ठरवू नये. हृदय निर्दोष ठरले, की त्यास मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यास लाजू देऊ नये. चालू औषध डॉक्टरांस न विचारता बंद करू देऊ नये. रात्री-अपरात्री कोणी जवळ नसेल, तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली टेलीमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते. त्याला प्रार्थना हवी असेल तर ती त्याच्या देवाची असावी, आपल्या नव्हे. आणि यांपैकी काहीच जमत नसेल, तर निदान ‘धीर धरा’ एवढे म्हणू नये. खुर्ची ओढून त्याच्या शेजारी अर्धा तास मुकाट बसावे. एलीयाच्या देवदूताने याहून फारसे अधिक केले नव्हते.