आंधळ्या आबिंगच्या सहा चिजा

बीथोव्हेन, मोझार्ट हीं नांवें आपल्या घरांतील मुलांसहि ठाऊक असतात. परंतु हिमालयापलीकडील चीन देशांत अभिजात संगीताचे रचनाकार कोण होऊन गेले, असें विचारलें तर चांगला बहुश्रुत गृहस्थहि क्षणभर स्तब्ध होईल. म्हणून ह्या खेपेस या सदरांत अशाच एका रचनाकाराचा परिचय करून देण्याचें योजिलें आहे. ह्यानें आपल्या रचना कधीं लिहून ठेविल्या नाहींत. त्याच्या हातच्या सहाच चिजा आज शिल्लक आहेत, आणि त्याहि थोडक्यांत वाचल्या.

त्याचें नांव ह्वा यान्‌च्युन; पण चीनमध्यें लहानथोर त्यास 'आंधळा आबिंग' म्हणूनच ओळखतात. जन्म १८९३ सालीं, च्यांगसू प्रांतांतील वूशी या शहरीं. वडील ताओ पंथाच्या एका देवळाचे पुजारी होते. त्या पंथाच्या धर्मविधींत वाद्यवादन हें पूजेचेंच अंग असल्यामुळें पुजाऱ्यास वाजवितां येणें अवश्य असे. आई लवकरच वारली, आणि बापानें मुलास ढोल, बासरी, एर्हू, पिपा अशीं एकामागून एक वाद्यें शिकविलीं. बासरीच्या टोंकास लोखंडी वजन बांधून, ऐन हिंवाळ्यांत वाऱ्याकडे तोंड करून तो मुलाकडून मेहनत करून घेई, असें सांगतात. विशींच्या आंतच आबिंगचा हात शहरांत नांवाजला गेला.

ह्यापुढील भाग वडील मंडळींस रुचणार नाहीं, आणि त्याच्यावरील पुष्कळ लोकप्रिय कथांत तो गाळलेलाहि असतो. तथापि तो झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. बापाच्या पश्चात् देवळाचें उत्पन्न हातीं आलें, तें अफूंत आणि वाईट संगतींत गेलें. व्यसनांतून जडलेल्या रोगानें पस्तिशीच्या सुमारास त्याचे दोन्ही डोळे गेले. देऊळ सुटलें, आणि पुजाऱ्याचा मुलगा रस्त्यावर आला.

पण तेथें त्यानें हात पसरला नाहीं. वाजवून आणि गाऊनच पोट भरलें. दुपारीं छुंगआन देवळाजवळच्या गजबजलेल्या जागीं उभें राहून तो त्या दिवसाच्या बातम्या पद्यांत गुंफून सांगे. १९३२ सालीं जपानी सैन्यानें शांघायवर हल्ला केला, तेव्हां त्यास तोंड देणाऱ्या चिनी पलटणीच्या पराक्रमाचीं गाणीं ह्या आंधळ्याच्या तोंडून वूशीकरांनीं ऐकलीं. संध्याकाळीं एर्हू वाजवीत तो गल्लीबोळांतून चाले. ह्या फेऱ्यांतच त्याची ती सुप्रसिद्ध चीज वर्षानुवर्षें घडत गेली असावी.

एर्हू म्हणजे सारंगीच्या जातीचें वाद्य. तारा दोनच, खालीं अजगराच्या कातड्यानें मढविलेली लहानशी लांकडी पेटी. गज दोन तारांच्या मधून ओंवलेला असतो, त्यामुळें तो बाजूस काढून ठेवितां येत नाहीं. तारेखालीं पट्टी नसते. बोट तारेवर अधांतरींच दाबावयाचें, म्हणून मींड आणि कंप ह्यांचें सगळें काम वादकाच्या बोटावर. आबिंग नेहमींपेक्षां जाड तारा लावून त्या खालच्या स्वरांत मिळवीत असे. त्याच्या वादनांतील तो भरड, घोगरा, पण काळजाला भिडणारा आवाज त्यामुळें आला आहे.

आतां त्या सहा चिजांची हकीकत. संगीतशास्त्राचे पंडित यांग यिन्‌ल्यू हे मूळचे वूशीचेच. बालपणीं त्यांनीं आबिंगजवळ कांहीं धडेहि घेतले होते. १९५० सालीं ते आणि विदुषी त्साव आन्‌ह हीं दोघें तारेवर ध्वनि उठविणारें यंत्र घेऊन त्याच्याकडे गेलीं. आबिंगनें बराच काळ वाद्यास हात लावला नव्हता. त्याच्याजवळ धड वाद्यहि उरलें नव्हतें. त्यानें सरावासाठीं तीन दिवस मागून घेतले. एर्हू उसना आणला. पिपा त्सावबाईंनीं दिला. मग एर्हूच्या तीन व पिपाच्या तीन अशा सहा चिजा त्यानें वाजविल्या. उरलेल्या पुढें घेऊं, असें ठरलें. पण त्याच वर्षाच्या ४ डिसेंबरास आबिंग वारला. किती चिजा त्याच्याबरोबर गेल्या, ह्याची गणती आतां कोण करणार?

त्या सहांपैकीं पहिल्या चिजेचें नांव 'अर्‌छ्वान यिंग्‌य्वे', म्हणजे 'दुसऱ्या झऱ्यांतील चंद्रबिंब'. वूशीजवळील ह्वेशान टेंकडीच्या पाण्यास थांग राजवटींतील चहाचा जाणकार लू यू ह्यानें चहासाठीं जगांत दुसरा क्रमांक दिला होता, तोच हा झरा. हें नांव ध्वनिमुद्रणाच्या वेळीं बसविलें. तोंपर्यंत त्या चिजेस नेमकें नांवच नव्हतें म्हणतात. आमच्या मतें ह्या नांवानें श्रोत्याची थोडी दिशाभूल होते. चांदणें आणि पाणी शोधीत बसणारास तें सांपडेलहि, पण चिजेंतील खरा जिव्हाळा माणसाच्या चालण्याचा आहे. आरंभीं एक सुस्कारा, मग एकच स्वरावली पुनःपुन्हां येते. प्रत्येक फेऱ्यांत ती थोडी वर चढते, थोडी तीव्र होते, आणि शेवटीं दमून खालीं बसते. आपल्याकडील बढतीची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

१९५२ सालीं त्याच्या चिजांचें स्वरलिपीसह पुस्तक निघालें. १९७८ सालीं जपानी वाद्यवृंदसंचालक सेइजी ओझावा बीजिंगला आले असतां च्यांग च्येन्‌ह्वा नांवाच्या एका तरुण विद्यार्थिनीनें त्यांस ही चीज एर्हूवर ऐकविली. त्यांचे डोळे भरून आले, आणि असलें संगीत गुडघे टेकूनच ऐकावें, असे उद्गार त्यांनीं काढल्याचें प्रसिद्ध आहे. पुढें वाद्यवृंदासाठीं केलेलीं हिचीं रूपेंहि पुष्कळ गाजलीं.

घरांतील मुलांस सांगितलें तर आबिंगच्या स्वतःच्या हातचें १९५० सालचें ध्वनिमुद्रण तीं सहज मिळवून देतील. त्यांत खरखर फार आहे. तरीहि वाद्यवृंदाचीं गोड रूपें मागाहून ऐकावीं. प्रथम तेंच लावावें, आणि एर्हूच्या चिजा संपल्यावर पिपाच्या तिन्ही चुकवूं नयेत.