रिमोटविना टीव्ही

हिवाळ्यात आईंना इकडे आणलं की घरात मराठी मालिका हव्यातच. आम्ही दोघं कामावर, मुलं शाळेत, बाहेर बर्फ. दिवसभर त्यांच्याशी मराठीत बोलणारा काय तो टीव्हीच! नेमकी तेव्हाच आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली, आणि त्याच आठवड्यात रिमोट चादरींबरोबर वॉशिंग मशीनमधून धुऊन निघाला.

टीव्हीला नवं वाय-फाय सांगायला रिमोट हवा. फोनमधलं अ‍ॅप रिमोटचं काम करतं खरं, पण फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर असतील तर! म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. आई म्हणाल्या, "असू दे रे, मी जप करीन." ते ऐकून आम्हांला जास्तच वाईट वाटलं.

शेवटी सुचलं ते असं. टीव्हीला नवं नाव सांगता येत नाही ना, मग नव्या राउटरलाच जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्यायचा. अक्षरन् अक्षर तेच, कॅपिटलला कॅपिटल. (काही टीव्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झच पकडतात, तेवढं चालू ठेवा.) पण जुना पासवर्ड आठवतोय कुणाला? राउटर तर परत गेलेला. सापडला आईंच्या वहीत, नातेवाइकांच्या फोन नंबरांखाली, सुवाच्य अक्षरात!

टीव्ही आपणहून जोडला गेला आणि अ‍ॅपला दिसला. तुमच्याकडे हे जमलं नाही, तर टीव्हीच्या मागे यूएसबीचा साधा माउस लावून बघा, काही टीव्हींना चालतो. नवा रिमोट मागवलाय. तो आई उशाखाली ठेवणार म्हणतात, म्हणजे पुन्हा चादरींतच.