काळाने मागे टाकलेला अल्बम

चांगलं संगीत आपोआप टिकतं, हा समज किती तकलादू आहे हे ‘डोन्ट कम ईझी’ ऐकताना जाणवतं. न्यूयॉर्कच्या टायकेटो या बँडचा हा पहिला अल्बम गेफन कंपनीने १९९१ साली काढला. निर्माता होता रिची झिटो. चीप ट्रिक या बँडच्या ‘लॅप ऑफ लक्झरी’ अल्बमचाही तोच. पण त्याच वर्षी सप्टेंबरात गेफनच्याच डीजीसी या शाखेने निर्वाना या ग्रंज बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आणला आणि वारं फिरलं. सुरेल हार्ड रॉक रातोरात जुनाट ठरला. टायकेटोचा पुढचा अल्बम १९९४ मध्ये आला, तोही दुसऱ्या कंपनीकडून. हा दर्जाचा पराभव नव्हता, चुकलेल्या वेळेचा होता.

आक्षेप असा की ही गाणी साचेबद्ध आहेत. अंशतः खरं आहे. ‘ले युअर बॉडी डाउन’चे शब्द त्या काळच्या ठरीव वळणाचेच. पण साचा सगळ्यांना सारखाच मिळतो, त्यात जीव ओतणारा गळा मात्र क्वचित. ‘स्टँडिंग अलोन’मध्ये गायक डॅनी वॉन सुरुवातीला आवाज किती राखून ठेवतो ते ऐकावं. शेवटी तो वर झेपावतो तेव्हा ती उंची कमावलेली वाटते, दाखवेगिरीची नाही. ग्रंजने रॉकमध्ये प्रामाणिकपणा आणला असं म्हणतात. तो इथे, या चकचकीत ध्वनिमुद्रणाखाली, आधीच होता. आवाजाच्या पोताऐवजी केसांच्या लांबीवरून बँड जोखणाऱ्यांना तो ऐकू आला नाही.