पाहुणे तारे आणि घरची पोरं

ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू एफसीने आपल्या पहिल्या संघाचे पगार बेमुदत थांबवले. इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम होणार की नाही हेच ठरत नव्हते, तेव्हा क्लब तरी काय करणार! मात्र त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. मुला-मुलींचे युवा संघ आणि फुटबॉल शाळा यांना या निर्णयाची झळ लागणार नाही, असे क्लबने सांगितले. हात आखडता घ्यायची वेळ आली की काय थांबवतात आणि काय राखतात, त्यावरून घर ओळखावे.

ही लीग २०१४ मध्ये सुरू झाली ती बड्या नावांवर. दिल्लीने देल पिएरो आणला, पुण्याने त्रेझेगे, गोव्याने पिरेस, मुंबईने अनेल्का आणि ल्युंगबर्ग. सगळे उमेदीची वर्षे मागे टाकून आलेले. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही, मैदाने भरली ती त्यांच्यामुळेच. पण पुण्याचा तो संघ २०१९ मध्ये बंद पडला. गोव्यात धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या जुन्या क्लबांनी २०१६ मध्येच आय-लीगमधून अंग काढून घेतले. धेंपो पुढे परतला, पण ज्या क्लबांकडे बघून गोव्याची पोरे खेळायला लागत, त्यांची मधली वर्षे वायाच गेली.

बेंगळुरूही काही साधुसंत नव्हे. २०१३ मध्ये क्लब निघाला तोच सुनील छेत्रीला घेऊन, आणि पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकला. २०२२ मध्ये रॉय कृष्णाला आणले. पण त्याच वर्षी या क्लबच्या युवा संघाने रिलायन्स फाउंडेशनची पहिली डेव्हलपमेंट लीग जिंकली होती. सप्टेंबरमध्ये ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात मुंबई सिटीवर पहिला गोल केला तो त्याच युवा संघातून वर आलेल्या शिवशक्ती नारायणनने, वय २१. मला वाटते, तारा आणायला हरकत नाही; पण त्याच्या शेजारी घरचे पोर उभे राहायला हवे, बाकावर बसून राहायला नको.

आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक कोल्हापुरात आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरते. बाहेरगावचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही तिथे येऊन गेले. पण त्याच शहरातला अनिकेत जाधव घडला तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, आणि २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पेठेची ईर्ष्या पोराला खेळाची गोडी लावते. रोजचे प्रशिक्षण, खुराक आणि शाळा यांची सोय मात्र दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते.

हुबळी-धारवाडला क्रिकेटच जास्त, तरी अलीकडे मंडळात भेटणारे पालक फुटबॉलविषयी विचारू लागलेत. बेंगळुरू एफसीची निवासी अकादमी जिथे उभी राहिली ते विजयनगर-तोरणगल्लू आपल्याला परके नाही. हुबळी-बळ्ळारी रेल्वेवर होसपेट गेले की तेच. पण तेरा वर्षांच्या मुलाला कुठल्याही अकादमीत ठेवण्याआधी भिंतीवरचे ताऱ्यांचे फोटो बघू नका. दोनच गोष्टी विचारा. गेल्या तीन वर्षांत इथली किती मुले पहिल्या संघात खेळली? आणि जी खेळली नाहीत, त्यांची दहावी-बारावी कुठे झाली?