प्रयोगशाळेतून : कुत्राला की कुत्र्याला?



गणपतीच्या जेवणानंतर भांडी आवरताना एक गोष्ट कानावर आली आणि ती आमच्या डोक्यातून जाईना. आपल्यातल्याच एका सहा वर्षांच्या मुलाने फोनवर आजीला सांगितले, "मी कुत्राला पोळी दिली." तिकडे घरातले सगळे हसले, कौतुकानेच हसले. पण त्या दिवसापासून चिरंजीव आजीशी फक्त इंग्रजीत बोलतात आणि आजी बिचाऱ्या "हो का, हो का" करतात.

आम्ही पडलो रसायनवाले, भाषाशास्त्र आमचा प्रांत नव्हे. तरी या निमित्ताने थोडे वाचले, ते सांगतो.

"घरातल्यांनासुद्धा" हा शब्द घ्या. मोल्सवर्थच्या 1831 च्या कोशात "घर" आहे, पण हे लांबलचक रूप शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तरीही आपल्याला ते क्षणात कळते. मग मन प्रत्येक रूप वेगळ्या बरणीत ठेवते, की तुकडे ठेवून हवे तेव्हा जोडते?

1958 साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने 4 ते 7 वर्षांच्या मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले. नाव "वग". मग दोन प्राणी दाखवले, तर मुले "वग्ज" म्हणाली. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. म्हणजे पाठांतर नव्हे, नियम! गंमत म्हणजे "ग्लासेस" म्हणणारी मुले "टास" या बनावट शब्दाचे "टासेस" करताना अडखळली. ओळखीचे रूप आधी येते, नियम मागून पक्का होतो.

1975 साली टॅफ्ट आणि फॉर्स्टर यांनी मोठ्यांना विचारले, हा इंग्रजी शब्द आहे की नाही? "रिज्युव्हनेट"मधला "ज्युव्हनेट" नाकारायला लोकांना "रेपर्टोअर"मधल्या "पर्टोअर"पेक्षा जास्त वेळ लागला. दोन्ही शब्द नाहीतच. पण पहिल्यात "रि" हा खरा उपसर्ग आहे, म्हणून उरलेला भाग मनात वेगळा ठेवलेला असावा, असे त्यांनी मांडले.

सगळेच तुकड्यांत असते असे मात्र नाही. प्रयोगशाळेत रोज लागणारे द्रावण आम्ही बाटलीत तयार ठेवतो, क्वचित लागणारे त्या वेळी बनवतो. मनाचेही साधारण तसेच दिसते. "केलं" हे रूप "कर"वरून नियमाने बनत नाही, ते तयारच ठेवावे लागते. ती बाटली भरेपर्यंत मूल "करलं" म्हणणार.

मागच्या रविवारी मराठी शाळेत आम्ही "लुंबा" नावाचा प्राणी फळ्यावर काढला. दोन काढल्यावर बहुतेक मुले "लुंबे" म्हणाली. "खाऊ कोणाला?" म्हटल्यावर बऱ्याच जणांचे "लुंबाला" आले, "लुंब्याला" मोजक्यांचेच. म्हणजे "ला" प्रत्यय कुठे लावायचा हे मुलांना बरोबर कळले आहे. राहिले आहे ते सामान्यरूप, आणि ते येते कानावर पडून. पुण्यातल्या मुलाच्या कानावर ते दिवसभर पडते. इथे ते घालणारे आपण दोघे-चौघेच.

तेव्हा विनंती एवढीच. "कुत्राला" ऐकलेत तर हसू नका, थांबवूही नका. "अरे वा, कुत्र्याला पोळी दिलीस? कुत्र्याला आवडली का?" असे विचारा. चूकही दाखवली जात नाही आणि बरोबर रूप दोनदा कानावर पडते. तिकडच्या आजी-आजोबांनाही हे आधी सांगून ठेवा.

त्या चिरंजीवांच्या आईला आम्ही हेच सांगितले आहे. काय होते ते पुढच्या अंकात कळवू. तोवर घरी लुंबा काढून पाहा आणि मुले काय म्हणाली ते रविवारी चहाच्या वेळी आम्हाला जरूर सांगा.