विश्लेषण : कोपनहेगनचा ‘कार्बन न्यूट्रल’ संकल्प कचऱ्याच्या धुराड्यापाशी का अडला?

जगातील पहिली ‘कार्बन न्यूट्रल’ राजधानी २०२५पर्यंत होऊन दाखवू, असा संकल्प डेन्मार्कच्या कोपनहेगनने २०१२मध्ये केला. तो वेळेत पुरा होणार नसल्याची कबुली ऑगस्ट २०२२मध्ये द्यावी लागली. निमित्त ठरला, माथ्यावर स्कीइंगची घसरण बांधलेला अमागर येथील प्रसिद्ध कचरा-ऊर्जा प्रकल्प. शहराला ऊब देणाऱ्या यंत्रणेचा कार्बन हिशेब नेमका होतो कसा, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

ही यंत्रणा कशी चालते?

कोपनहेगनमध्ये घरोघरी बॉयलर नाहीत. मोठ्या केंद्रांत तापवलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून इमारतींत येते, ऊब देऊन गार होते आणि परत जाते. शहराची सुमारे ९८ टक्के उष्णतेची गरज या ‘डिस्ट्रिक्ट हीटिंग’मधून भागते. उष्णता येते ती लाकूड जाळणारी वीजकेंद्रे व कचरा जाळणाऱ्या भट्ट्यांतून. घरात काहीच जळत नसल्याने घराचे थेट उत्सर्जन शून्य. पण आंतरराष्ट्रीय ‘जीएचजी प्रोटोकॉल’नुसार विकत घेतलेली वीज, वाफ, उष्णता वा थंडावा यांमागचे उत्सर्जन ग्राहकाच्या ‘स्कोप २’ खात्यात पडते. म्हणजे पुरवठादाराने प्रति युनिट उष्णतेमागे किती कार्बन, हा आकडा दिल्याशिवाय ग्राहकाचा हिशेब पुरा होत नाही.

एका धुराचे दोन वाटे कसे करतात?

खरी मेख इथे आहे. ही केंद्रे एकाच इंधनातून वीज आणि उष्णता दोन्ही काढतात. मग धूर कोणाच्या नावावर? समजा, १०० युनिट इंधनातून ३० युनिट वीज आणि ६० युनिट उष्णता मिळाली. सरळ ऊर्जेच्या प्रमाणात वाटणी केली तर सुमारे ६७ टक्के उत्सर्जन उष्णतेकडे जाते. डेन्मार्कमध्ये मात्र ‘१२५ टक्के’ आणि ‘२०० टक्के’ अशा पद्धती रुळल्या आहेत. उष्णता म्हणजे वीजनिर्मितीत एरवी वाया जाणारा भाग, म्हणून ती १२५ किंवा २०० टक्के कार्यक्षमतेने तयार झाली असे मानायचे, हा त्यामागचा तर्क. पहिल्या पद्धतीत उष्णतेच्या वाट्याला ४८ टक्के येतात, दुसरीत अवघे ३०.

धुराडे तेच, धूर तेवढाच. तरी घरमालकाच्या खात्यातला कार्बन दुपटीहून अधिक बदलतो. यात लबाडी नाही, तिन्ही रीतींना आधार आहे. गडबड होते ती वीज कंपनी एक रीत आणि उष्णता कंपनी दुसरी रीत धरते तेव्हा. मग धुराचा काही भाग दोन्ही खात्यांतून गळतो, किंवा दोनदा मोजला जातो. अहवालात आकड्याशेजारी पद्धतीचे नाव नसेल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

लाकडाचा धूर शून्य कसा?

धुराड्यापाशी मोजले तर तेवढ्याच ऊर्जेसाठी लाकूड कोळशापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते. ‘आयपीसीसी’च्या मानकांनुसार एका गिगाज्यूलमागे लाकडाचे सुमारे ११२ किलो, दगडी कोळशाचे सुमारे ९५. मात्र त्याच मानकांनुसार लाकडाचे उत्सर्जन झाड तुटले त्या देशाच्या जमीन-वापर खात्यात धरले जाते. ऊर्जेच्या खात्यात शून्य मांडून बाजूला टीप दिली जाते. नियम दुबार मोजणी टाळण्यासाठी आहे आणि त्यापुरता योग्यच आहे. पण डेन्मार्क लाकडाच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात बाल्टिक देश व अमेरिकेतून आणतो. तिथली जंगले पुन्हा वाढली का, याचा पत्ता कोपनहेगनच्या खातेवहीत लागत नाही. अमागरच्या वीजकेंद्राने २०२०मध्ये कोळसा सोडून लाकडाची कास धरली, तेव्हा शहराचा आकडा झपकन उतरला, त्याचे एक कारण हे.

कचऱ्यात मात्र ही सोय नाही. उरलेले अन्न, कागद, लाकूड यांचा धूर जैविक म्हणून शून्य. प्लास्टिक खनिज तेलातून आलेले, त्याचा धूर मोजावाच लागतो. मिसळलेल्या कचऱ्यात दोघांचे प्रमाण कसे कळणार? त्यासाठी धुराचे नमुने घेऊन कार्बन-१४ तपासतात. खनिज तेल कोट्यवधी वर्षे जुने असल्याने त्यात हा किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो, ताज्या जैविक पदार्थात असतो. युरोपीय संघाने २०२४पासून कचरा-भट्ट्यांना उत्सर्जनाची मोजदाद बंधनकारक केली.

मग संकल्प का हुकला?

वर्षाला सुमारे पाच लाख टन कार्बन धुराड्यातच पकडून जमिनीखाली साठवायचा, अशी अमागर प्रकल्पाची योजना होती. पकडलेला जैविक कार्बन हिशेबात वजा धरता येत असल्याने शहराची बाकीची तूटही त्यातून भरून निघाली असती. पण सरकारी निधीच्या आर्थिक निकषांत प्रकल्प बसला नाही आणि ताळेबंदातली सर्वात मोठी वजाबाकीच गेली.

भारतात याचा संबंध कुठे?

आपल्याकडे ऊब नव्हे, थंडावा विकला जाईल. गांधीनगरजवळच्या ‘गिफ्ट सिटी’त एका केंद्रातून थंड पाणी इमारतींना पुरवले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने अशा जाळ्यांसाठी ज्या पाच भारतीय शहरांची प्राथमिक पाहणी केली, त्यांत पुणे आणि ठाणे होते. अशा इमारतीचे वीजबिल एकदम उतरते, कारण एसीची वीज दुसऱ्याच्या मीटरवर जाते. ‘सेबी’च्या बीआरएसआर अहवालात पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना स्कोप १ व २ची माहिती द्यावी लागते. त्यांनी थंडावा विकत घेतला, तर केवळ वीजबिल पाहून तो हिशेब पुरा होणार नाही.

देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन पडतो. समजा, केंद्राला एक टन-तास थंडाव्यासाठी ०.८ युनिट वीज लागली, तर ग्राहकाच्या खात्यात सुमारे ०.५६ किलो जायला हवेत. नळांतली गळती, पंपांची वीज यात धरली की नाही, हे पुरवठादारालाच ठाऊक. शिवाय शीतक वायूची गळती केंद्राच्या स्वतःच्या खात्यात पडते. ‘आर-१३४ए’ हा वायू एक किलो गळला, तर परिणाम १,३०० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका असतो, आणि थंड पाण्याच्या बिलावरील टन-तासांत तो दिसत नाही.