पांबन स्टेशनचा इतिहास जपण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक,
मदुरै विभाग, दक्षिण रेल्वे

विषय : पांबन स्टेशनात १९६४ च्या मृतांचे स्मारक उभारणे, जुन्या पुलाचा उघडणारा गाळा राखणे आणि धनुष्कोडी स्टेशनच्या अवशेषांचे रक्षण करणे.

महोदय,

आम्ही महाराष्ट्रातून रामेश्वरला जाणारे यात्रेकरू. काशीची गंगा रामेश्वराला आणि सेतूची वाळू प्रयागच्या संगमात, हा नेम आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गाडी समुद्रावर आली की डब्यातले सगळे हात जोडतात. पूल संपताच बेटावरचे पहिले स्टेशन, पांबन, येते. त्याच्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही, कारण तिथे काय घडले हे सांगणारे कुणी नाही.

फेब्रुवारी १९१४ मध्ये पूल खुला झाला आणि पांबन जंक्शन बनले. एक फाटा रामेश्वरला जाई, मुख्य मार्ग धनुष्कोडीला. मद्रासहून सुटणारी बोट मेल धनुष्कोडीच्या धक्क्यापर्यंत जात असे. तिथून आगबोटीने तलैमन्नार आणि पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर चक्रीवादळात सापडली. धनुष्कोडी जवळ आले असताना समुद्राच्या लाटेने ती गिळली. शंभराहून अधिक माणसे गेली, त्यांत रेल्वेचे कर्मचारीही होते. त्यानंतर धनुष्कोडीचा मार्ग पुन्हा उभा राहिला नाही आणि पांबनचे जंक्शनपण संपले.

ही माणसे ज्या फलाटावरून शेवटची निघाली, तिथेच त्यांची नावे कोरलेली असावीत, ही आमची पहिली आणि सर्वांत कळकळीची मागणी आहे. रेल्वेच्या दप्तरात जी नावे असतील ती तमिळ, हिंदी आणि इंग्रजीत कोरावीत. दरवर्षी २२ डिसेंबरला रात्री त्या शिळेपाशी एक दिवा लावावा. याला फार खर्च नाही.

दुसरी मागणी जुन्या पुलाची. त्याच वादळात १४५ पैकी १२६ गर्डर कोसळले, पण जहाजांसाठी उघडणारा शेर्झर गाळा टिकला. रेल्वे अभियंता ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला. कामगार हातांनी यंत्र फिरवून या गाळ्याच्या दोन्ही फळ्या उचलत. डिसेंबर २०२२ पासून त्यावरून गाडी गेलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेल्या नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा आता यंत्राने सरळ वर उचलला जातो. नवा पूल आम्हाला अभिमानाचा वाटतो. पण जुना काढायचाच असेल, तर त्याचा शेर्झर गाळा भंगारात जाऊ नये. तो पांबनलाच उभा करावा आणि तो कसा उघडत असे हे लोकांना दाखवावे. समुद्राने जे सोडले ते आपण मोडू नये.

तिसरी मागणी धनुष्कोडीची. तिथल्या स्टेशनच्या उरलेल्या भिंतींवर लोक चढतात, नावे कोरतात. राज्य शासनाशी बोलून तिथे कुंपण, रखवालदार आणि माहितीफलक यांची सोय व्हावी.

निवेदनाची पोच आणि त्यावर झालेल्या कार्यवाहीची माहिती लेखी मिळावी, ही विनंती.

आपले नम्र,
महाराष्ट्रातील रामेश्वर यात्रेकरू